मानशीपाशी

सहा बेचाळीसला तो रायबंदरच्या अंगाने वर येणार होता.
आम्ही चोडणच्या बांधावर, मानशीपासून वीस पावलांवर,
भरतीची वेळ, खारफुटीचा वास,
आणि माझ्या पाठपिशवीत नवा ॲम्प्लिफायर.
पन्नास वॅट.
तिसऱ्या पगारातून घेतलेला;
पहिले दोन घरात गेले.

इनासियो बाब काही बोलले नाहीत.
एकोणीस वर्षं बोटीवर रेडिओ ऑफिसर,
माणूस मोजून बोलतो.
अँटेना फक्त हातात दिली,
वेताच्या काठीवर छत्रीच्या काड्या,
आणि म्हणाले, वर बघ. सेटकडे काय बघतेस.

उपग्रह तरी केवढा,
दोन उंडे एकावर एक ठेवावेत एवढं खोकं.
अंगभर सौरपट्ट्या, पोटात
फ्रीजच्या दिव्यापुरती वीज.
तेवढ्यात त्याने आम्हा सगळ्यांचं बोलणं
पुन्हा जमिनीवर आणून सोडायचं,
गॉलपासून मस्कतपर्यंत,
अकरा मिनिटांत.

आधी बीकन आलं.
मोर्समध्ये, बारीक, न चुकता,
बंद न होणाऱ्या नळासारखं.
मग एकेक माणूस.
मी बटण दाबलं, नाव सांगितलं, गाव सांगितलं,
आणि माझाच आवाज आठशे किलोमीटर वर जाऊन
हेडफोनमध्ये परत आला
असा भरदार, असा लख्ख
की मला हसू फुटलं.
वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नाही मी.
बाई, मोठ्याने, म्हणतात पोरं.
आणि इथे आकाशभर.

तिघांना हाक मारली. कुणीच ओ दिली नाही.
पुन्हा मारली, जरा जोरात.
पुन्हा.

बीकन कुठे आहे? बाबांनी विचारलं.

शोधलं. नव्हतं.
म्हणजे होतं,
माझ्या प्रत्येक शब्दाखाली बुडत,
शब्द संपला की नाकापुरतं वर येत.
आणि त्याच्याही खाली कुणीतरी,
अर्धं अक्षर, पाव अक्षर,
पाण्यातून हात दिसावा तसं.

बाबांनी हनुवटीने मानस दाखवली.
नदी बाहेरून रेटत होती
आणि त्या रेट्यानेच लाकडी दारं मिटत होती.
कुणी हात लावला नव्हता.
लोट आला की ती मिटते, बाब म्हणाले,
मग कोळंबीसुद्धा आत येत नाही.
तिचा काय दोष.

मी नॉब फिरवला.
तीस. वीस. दहा.
दर खुणेला वाटत होतं, आता पुसली जाणार.
मग ॲम्प्लिफायरच काढला,
नुसता सेट, पाच वॅट, त्यातलेही चारच.
बीकन वर आलं.
माझा आवाज त्याच्या खांद्याला लागत होता, थोडा खालीच,
पंगतीत मीठ मागावं
तेवढा.

चोडण, चोडण, कुणीतरी म्हणालं,
मी ईरण्णा, धारवाड, गच्चीवर टाकीशेजारी, दोन वॅट.
केव्हापासून हाक मारतोय तुम्हाला.

केव्हापासून.

उरली होती दोनेक मिनिटं.
तो मयेच्या बाजूला झुकत चालला तसा
ईरण्णाचा आवाज जड होत गेला, मी काटा सरकवत राहिले.
त्याच्या बॅटरीचं विचारलं, त्याने पावसाचं.
मस्कतची कोणी बाई मध्येच म्हणाली,
आता सगळे ऐकू येताहेत,
आणि ते सगळे म्हणजे कोण
हे विचारायच्या आत डोंगर आला.

परतताना बांधावर अंधार होता.
पिशवी खांद्याला रुतत होती.
बाबांनी ती घेतली, काही न बोलता,
आणि मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

ॲम्प्लिफायर अजून त्यांच्याकडेच आहे.
दुपारी खाडीवरून वारा सुटतो,
तेव्हा समोरचं दार आपटून मिटू नये म्हणून
त्याला टेकवून ठेवतात.